प्रकाशाला मागे टाकण्याचा गुन्हा

आमच्या शाळेतले सायन्सचे मास्तर रोज उशिरा येत आणि रोज ते नाकबूल करत. हेडमास्तर फाटकात खिशातलं घड्याळ तळहातावर घेऊन उभे असत. मास्तर सायकलवरून उतरत, टोपी सारखी करत आणि घड्याळाकडे न बघता म्हणत, "साहेब, मी तुम्हाला दिसतो त्याच्या आधीच आलेला असतो. माझ्यावरून निघालेला प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत यायला वेळ घेतो. तो उशीर प्रकाशाचा. माझ्या नावावर मांडू नका."

"दहा मिनिटं?" हेडमास्तर विचारत.

"दहा मिनिटांचं कोडं अजून सुटायचंय," असं म्हणून मास्तर आत जात.

मी तेव्हा नगरला त्या शाळेत नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो. मूळचा खर्ड्याचा. त्यामुळे नगर म्हणजे मोठं शहर आणि शहरातली माणसं शहाणी, असा माझा समज होता. त्यातला दुसरा समज मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात दूर केला. माझी खोली त्यांच्या बिऱ्हाडाला लागूनच होती, मधली भिंत एकच. शाळेत त्यांना चुकवलं, तर ते घरी गाठायचे.

उंच, वाळलेला माणूस. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. सायकल इतकी सावकाश चालवायचे की ती पडत कशी नाही, हाच शहरातला एक चमत्कार होता. गल्लीतली कुत्री भुंकत त्यांच्या मागे लागायची आणि अर्ध्या वाटेत कंटाळून परत फिरायची. अशा माणसाने साऱ्या विश्वातल्या सर्वांत वेगवान गोष्टीशी भांडण उकरून काढावं, याचं आम्हाला फार हसू यायचं.

भांडण असं होतं. त्यांच्याकडे एक विलायती पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की प्रकाशाचा जो वेग आहे त्याहून जास्त वेगाने जगात काहीही जाऊ शकत नाही. त्यातल्या 'काहीही'खाली मास्तरांनी रेघ मारली होती, आणि ती मारताना टाक कागदातून आरपार गेला होता.

"वेग आहे, कबूल," ते म्हणायचे. "मोजलाय, तेही कबूल. पण याच्या पुढे कुणी जायचं नाही, असं बजावणारे हे कोण? म्युनिसिपालटी?"

"एवढ्या विद्वानांनी म्हटलंय, तर..." मी भीत भीत म्हणायचो.

"विद्वान पुष्कळ म्हणतात. इंग्रज इथून कधी हलणार नाही, असंही विद्वानच म्हणतात." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्ही मराठीवाले. तुम्हाला छापलेलं सगळं पटतं."

प्रकाशाला हरवणारा गडी त्यांनी शोधून ठेवला होता. तो म्हणजे कवडसा. वर्गाच्या खिडकीत ऊन आलं की मास्तर खिशातून दाढीचा आरसा काढायचे आणि भिंतीवर कवडसा पाडायचे.

"हे मनगट. हे एवढंसं वळवलं. कवडसा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला. कसा गेला?"

"उंदरासारखा!" पोरं म्हणायची.

"आता बघा." ते कवडसा खिडकीबाहेर मैदानापलीकडच्या भिंतीवर न्यायचे. "मनगट तेवढंच वळवलं. आता कसा गेला?"

"घोड्यासारखा!"

"भिंत लांब गेली की कवडसा जोरात पळतो. मनगटाला जास्त कष्ट नाहीत. मग भिंत न्या लांब. डोंगरापर्यंत न्या. चंद्रापर्यंत न्या! चंद्रावर माझा कवडसा पडलाय. फिका आहे, दिसत नाही, पण पडलाय. मी मनगट झटकलं. कवडसा चंद्राच्या या कडेवरून त्या कडेवर! तेवढं अंतर कापायला प्रकाशाला जेवढा वेळ लागतो, त्याच्याही आत! कोण हरलं?"

"प्रकाश!"

"कोण जिंकलं?"

"कवडसाऽऽ!"

शेजारच्या वर्गात मी कवितेचा अर्थ सांगत असायचो. माझी पोरंही कवितेतल्या विरहिणीला तिथेच सोडून 'कवडसा' म्हणून ओरडायची.

हे असंच चाललं असतं, पण शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. सायन्सच्या वर्गात जाऊन त्यांनी अगदी सोपा प्रश्न विचारला. "जगात सर्वांत वेगवान काय?"

पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. "कवडसा, साहेब."

"काय?"

"कवडसा."

दिपोटींनी दुसऱ्याला उठवलं. तो जास्त हुशार होता. "कवडसा, साहेब. पण चंद्रावर पाहिजे."

तिसऱ्याला उठवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. हेडमास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला होता. मास्तर मात्र मागे उभे राहून, गाण्याच्या बैठकीत गवयाने चांगली जागा घ्यावी आणि आपण दाद द्यावी, तशी मान डोलावत होते.

दिपोटी गेल्यावर हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावलं. मीही तिथेच होतो, हजेरीपटावर सही करत. "एक तर हे मला सिद्ध करून दाखवा," हेडमास्तर म्हणाले, "नाहीतर पुस्तकात आहे तेवढंच शिकवा."

"चंद्रावर दाखवू?"

"कुठंही दाखवा. मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

मास्तरांनी रात्रभर विचार करून चंद्र सोडला आणि ते चांदबिबीच्या महालावर आले.

नगरच्या पूर्वेला काही कोसांवर एक उघडा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरची दगडी इमारत शहरात कुठूनही दिसते. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. खरं तर ती एका सरदाराची कबर. मास्तरांचा बेत असा की रविवारी दुपारी उन्हं पश्चिमेला कलली की आपण मोठा आरसा घेऊन त्या डोंगरावर जायचं आणि शहरावर कवडसा फिरवायचा. शाळेच्या गच्चीवर मी आणि हेडमास्तर. आधी मनगट सावकाश, मग जोरात. डोंगरावरची चमक आमच्या डोळ्यांत किती वेळ टिकते ते आम्ही पाहायचं. "वर्गात उंदरासारखा चालणारा कवडसा इथं तुमची पापणी लवायच्या आत निघून जाईल," ते म्हणाले. "एवढ्यावर हेडमास्तर वळले, तर चंद्राचं त्यांना आपोआप पटेल."

मोठा आरसा म्हणजे वहिनींच्या, मास्तरांच्या पत्नींच्या, कपाटाचा आरसा. तो मास्तरांनी दारासकट काढला. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या फार बोलत नसत. बोलल्या तर समोरच्याला मटकन बसायला पाट लागे.

"संध्याकाळपर्यंत परत येईल?" त्यांनी विचारलं.

"मी?"

"आरसा."

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तो डोंगर आणि आमची शाळा यांच्या मधोमध भुईकोट किल्ला होता, आणि त्या दिवसांत सरकारने देशातले मोठमोठे पुढारी आणून त्या किल्ल्यात कोंडले होते. बेचाळीसची धामधूम नुकतीच होऊन गेलेली. सगळं गाव दबक्या आवाजात किल्ल्याबद्दलच बोलत होतं. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी आठवणही करून दिली. तर म्हणाले, "कवडसा वरून जाईल. किल्ल्याला कुठं धक्का लागतोय?"

रविवारी ते हुसेनभाईंच्या टांग्यातून निघाले. हुसेनभाई आमच्याच गल्लीतले टांगेवाले. मास्तरांच्या सगळ्या प्रयोगांची ने-आण तेच करत आणि भाड्याऐवजी बहुधा व्याख्यान घेत. आरसा मधे उभा धरून दोघे दोन बाजूंना बसले. वाटेत भेटणारा प्रत्येक जण आपलं तोंड पाहून टोपी नीट करत होता.

ठरल्या वेळी मी आणि हेडमास्तर गच्चीवर गेलो. हेडमास्तरांनी उन्हासाठी छत्री उघडली होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदम डोंगरावर लखकन चमकलं. सूर्याचा तुकडाच तिथे कुणी ठेवल्यासारखं. सावकाश आलं, डोळे दिपवले, सावकाश गेलं. पुन्हा आलं. मग वेग वाढला. चमक यायची ती गेलेलीच असायची.

"अरेच्चा," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी छत्री खाली घेतली. त्यांच्या तोंडून मास्तरांबद्दल तोवर निघालेला तो एकमेव चांगला शब्द. पुढच्या क्षणी किल्ल्यावरून शिट्टी वाजली. मग दुसरी. मग लष्कराची एक लॉरी धूळ उडवत डोंगराच्या रस्त्याला लागली. मी वळून पाहिलं, तर हेडमास्तर गच्चीवर नव्हते. जिन्यात नुसती छत्री आपटत खाली जात असल्याचा आवाज येत होता.

डोंगरावरची चमक तरीही चालूच होती. लॉरी पोचेपर्यंत मास्तर प्रयोग करत राहिले. प्रामाणिक माणूस.

दिवस मावळताना हुसेनभाई रिकामा टांगा घेऊन आले. "मास्तरला नेलं," ते वहिनींना म्हणाले. "आरसापन नेला. मला म्हनले, तू कोन? मी म्हनलं, मी घोड्याचा मालक हाय, उजेडाचा न्हाई. मंग सोडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन वहिनी आणि मी पोलीस चौकीत गेलो. मास्तर कोठडीच्या गजांमागे अगदी मजेत होते. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पापणी लवायच्या आत गेला की नाही?"

फौजदारांपुढे हवालदार कागद वाचत होता. "आरोपी डोंगरावर आरसा घिऊन परकाशाची वेगमर्यादा मोडन्याचा परयत्न करत हुता, आसं त्यो सोता बोलला."

"कुठल्या रस्त्यावर?" फौजदारांनी विचारलं.

"रस्ता न्हाई सायब. हवेत."

फौजदारांनी कागद बाजूला ठेवला. स्वभावाने माणूस वाईट नव्हता, पण वरून कुणीतरी त्यांना चांगलंच झापलेलं दिसत होतं. "मास्तर, खरं सांगा. किल्ल्यात कुणाला खुणा करत होता?"

"कुणालाही नाही."

"मग उजेड किल्ल्यावर कसा पडला?"

"तो वाटेत होता."

"एकदा नाही, पुन्हा पुन्हा पडला."

"एकदा पाडून वेग कसा कळेल?" मास्तर म्हणाले. "तुम्ही सायन्स कुठल्या शाळेत शिकलात?"

फौजदार वहिनींकडे वळले. "बाई, तुम्ही तरी सांगा. तुमचे मिस्टर कसल्या खुणा करत होते?"

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. "अहो, इतक्या वर्षांच्या संसारात मला यांची एक खूण कळली नाही. किल्ल्यातल्यांना एका दुपारीत काय कळणार?"

हवालदार खोकला. फौजदारांनाही हसू आलं असावं, कारण त्यांनी उगाच मिशी पुसली. "हे बघा मास्तर, मला हे प्रकरण वाढवायची हौस नाही. चूक झाली म्हणा, पुन्हा करणार नाही म्हणा, मी सोडतो."

"चूक कुठली?"

"झाली म्हणा ना."

"म्हणतो की. आधी दाखवा."

"अहो, म्हणा!" मी गजांजवळ जाऊन कळवळून म्हणालो. "तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"प्रश्न कवडशाचा आहे," मास्तर म्हणाले. "उद्या हा फौजदार म्हणेल दोन आणि दोन पाच म्हणा."

वहिनी निघता निघता फौजदारांना म्हणाल्या, "यांना ठेवायचं तेवढे दिवस ठेवा. आरसा कधी देणार?"

"तो मुद्देमाल आहे, बाई."

"मग मी कुंकू कशात बघून लावू?"

फौजदारांनी स्वतःच्या टेबलावरचा छोटा आरसा वहिनींना दिला. तो पुढे कधीच परत गेला नाही.

मास्तर कोठडीतच राहिले. रोज फौजदार विचारत, "चूक झाली?" आणि रोज मास्तर विचारत, "कुठली?" आणि मग एका दुपारी ते घडलं. ते मला त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं.

दुपारचे बारा वाजले. त्या काळी कचेरीवर पहारेकरी घड्याळ बघून तासाचे टोल देत. कचेरीचे बारा टोल सुरू झाले, तसे लगोलग तुरुंगाचे सुरू झाले, आणि पलीकडे लांब लष्करी कॅम्पातले. मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांच्या मनात आलं, टोल कचेरीतून निघाला, तुरुंगावरून गेला आणि कॅम्पात पोचला. किती झपाट्याने पोचला! आणि मग ते ताडकन उठून बसले. पोचलं होतं कोण? कॅम्पातला पहारेकरी आपलं घड्याळ बघून ठोके देत होता. कचेरीतल्याचा त्याला पत्ताही नव्हता. दोघांनी नेमका एकाच क्षणी ठोका दिला असता, तर टोलाला कॅम्पात जायला वेळच लागला नाही असं म्हणायचं? आवाजाला मागे टाकलं म्हणायचं? इकडून तिकडे तर काहीच गेलं नव्हतं.

कवडशाचंही तेच होतं. चंद्राच्या या कडेवर पडला तो प्रकाश वेगळा, त्या कडेवर पडला तो वेगळा. दोन्ही त्यांच्याच आरशातून निघालेले, आपापल्या वाटेने, ठरल्या वेगाने गेलेले. या कडेवरून त्या कडेवर धावत कुणीच गेलं नाही. आपण ज्याला शर्यत जिंकल्याची बक्षिसं वाटत होतो, तो गडी मैदानात नव्हताच.

मास्तर गज धरून ओरडले, "चूक झाली! चूक झाली!"

"सायब!" हवालदार पळत सुटला. "मास्तर कबूल झाला!"

फौजदार जेवणावरून उठून, हात तसाच ठेवून आले. "बोला, मास्तर."

मास्तर बोलले. टोल, पहारेकरी, चंद्र, त्याच्या दोन कडा, सगळं बोलले. फौजदारांच्या हातावरचं वरण वाळलं.

"म्हणजे चूक झाली ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"फार मोठी."

"पुन्हा कराल?"

"कशासाठी? त्यात आता काही राहिलंच नाही!" आणि हे म्हणताना, हवालदार पुढे सगळ्यांना सांगायचा, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याच संध्याकाळी त्यांना सोडलं. आरसाही मिळाला, कोपरा उडालेला. घरी आल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. मधल्या भिंतीतून मला काही ऐकू येत नव्हतं, आणि मास्तरांच्या घरातून काही ऐकू न येणं ही काळजीचीच गोष्ट होती. मी गेलो तर पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. "एवढी वर्षं," म्हणाले. "किती पोरं गेली हो माझ्या हाताखालून, चुकीचं शिकून."

त्यांना काळजी एवढीच होती. त्याच दिवशी त्यांच्या नोकरीवर गदा आली होती, ती त्यांच्या लक्षातही आली नव्हती. सरकारचा डोळा ज्याच्यावर आहे असा शिक्षक ठेवला तर शाळेचं अनुदान जाईल, असं हेडमास्तरांचं म्हणणं पडलं, आणि मास्तरांना घरी बसवण्यात आलं.

त्यानंतर ते घरीच शिकवण्या घेत. पण खरा उद्योग वेगळाच. जुने विद्यार्थी शोधून काढून त्यांची चूक दुरुस्त करायची. बाजारात कापड मापणाऱ्याला थांबवून, म्युनिसिपालटीतल्या कारकुनाला खिडकीतून हाक मारून, "अरे, ते कवडशाचं चुकलं होतं बरं का!" आमच्या खर्ड्यात त्यांच्या एका विद्यार्थ्याचं लग्न होतं. मी निघालो तर तेही आले. मला वाटलं, हवापालट होईल. खर्ड्याच्या किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत मांडव. नवरदेव अंतरपाटामागे उभा, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केलेली, आणि मास्तर अक्षता घेऊन गर्दीतून थेट त्याच्या कानाशी.

"अरे, कवडसा प्रकाशाच्या पुढे जातो, हे मी शिकवलं होतं. आठवतं?"

"व्हय सर," नवरदेव घाबरून म्हणाला.

"ते सोडून दे. जाणारं कुणी नसतंच तिथं."

"कुठं, सर?"

"चंद्रावर रे!"

मुलीच्या मामाने अंतरपाटावरून वाकून विचारलं, "काय झालं? मुहूर्त चुकला का?"

"मुहूर्त बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मी चुकलो होतो."

इकडे नगरात मात्र वेगळंच चाललं होतं. मास्तरांनी आरशातून किल्ल्यातल्या पुढाऱ्यांना निरोप पोचवला, अशी गोष्ट सगळीकडे झाली. ती सांगणाऱ्यांत पहिले आमचे हुसेनभाई. गिऱ्हाईक डोंगराकडे न्यायचं आणि जागा दाखवायची. "हितं उभं ऱ्हाऊन मास्तर बोलत हुता. तिकडनं जबाब येत हुता."

मास्तरांनी त्यांना भर चौकात धरलं. "हुसेनभाई, तुम्ही तर माझ्या शेजारी उभे होता!"

"हुतो की मास्तर. आन् मी खरं सांगून पन बघितलं. लोकं टांग्यातनं उतरून जात्यात." हुसेनभाईंनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "मंग मी तसं सांगतो. आता सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलंय. तुमीच सांगा, येवढा मोठा आरसा, त्यो काय निस्ता खेळायला?"

मास्तर लोकांना समजावून समजावून थकले. ते जितकं नाही म्हणत, तितके लोक डोळे मिचकावत.

मग स्वातंत्र्य आलं. वर्षभरात शाळेने एक समारंभ ठरवला. हेडमास्तर आता पांढऱ्या टोपीत होते आणि सत्कार समितीचे अध्यक्षही. ते स्वतः मास्तरांच्या घरी आले. देशासाठी नोकरी गमावलेल्या शिक्षकाचा सत्कार करायचा, आणि त्याच व्यासपीठावर त्यांना सन्मानाने पुन्हा शाळेत घेतल्याचं जाहीर करायचं, असं सगळं ठरलं होतं.

ते गेल्यावर वहिनी मास्तरांसमोर बसल्या. "नोकरी परत मिळतेय. शाल खांद्यावर पडली की हात जोडायचे, खाली बसायचं. बोलायचं नाही. जमेल?"

"प्रयत्न करतो," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी खरंच केला. हार पडला तरी गप्प होते. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी, जे स्वतः तुरुंगवास भोगून आलेले होते, शाल उलगडली, तरी गप्प होते. पण मग हेडमास्तर भाषणाला उठले आणि म्हणाले, "त्या दुपारी डोंगरावरून देशभक्तीचा संदेश लखलखत आला, तेव्हा मी स्वतः गच्चीवर साक्षीला उभा होतो..."

"संदेश नव्हता," मास्तर म्हणाले.

टाळ्या पडल्या.

"हा विनय बघा," हेडमास्तर म्हणाले.

"विनय नाही, मी खरं ते सांगतोय!" मास्तर उठले. "मी किल्ल्यातल्या कुणालाही काही कळवत नव्हतो. ते आत देशासाठी होते. मी कोठडीत गेलो तो प्रकाशाच्या वेगासाठी. त्यातसुद्धा, चंद्रावर पाडलेला कवडसा प्रकाशाच्या पुढे जातो, हे माझं म्हणणं चुकलेलं होतं. ही शाल मी घेतली तर जे खरंच आत होते त्यांच्या अंगावरची काढून घेतल्यासारखं होईल." आणि हार काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. हेडमास्तरांचा चेहरा पुन्हा खडूसारखा. बायकांच्या बाजूला वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं रडताहेत. त्यांचे खांदे हलत होते. जरा वेळाने कळलं, त्या हसत होत्या.

पाहुणे पुढारी उलगडलेली शाल हातात घेऊन तसेच उभे. त्यांनी हळूच विचारलं, "पण मास्तर, तो कवडसा, चंद्रावरचा... तो दिसायला तरी प्रकाशाच्या पुढे जातो ना?"

"जातो की. सगळ्यांच्या पुढे जातो," मास्तर म्हणाले. "सोबत काहीच नेत नाही."

"म्हणजे आमच्या भाषणांसारखं," पुढारी म्हणाले आणि एकटेच मोठ्याने हसले.

परत मिळू घातलेली नोकरी अर्थातच गेली. ती जागा देशभक्ताची होती, सायन्सच्या शिक्षकाची नव्हती, असं हेडमास्तरांनी नंतर मला समजावून सांगितलं. पण पुढाऱ्यांनी कुठे काय शब्द टाकला कोण जाणे, महिन्याभरात श्रीरामपूरच्या एका नव्या शाळेतून मास्तरांना बोलावणं आलं. तिथे वर्ग नुसत्या पत्र्याखाली भरत होते, आणि सायन्स शिकवायला कुणीच नव्हतं.

मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. वहिनी ट्रंकेवर बसल्या होत्या, मास्तर गाडीच्या वेळेवरून स्टेशनमास्तरांशी वाद घालून परत आले होते. मला राहवलं नाही. "मास्तर," मी म्हणालो, "एक शाल घेतली असती तर काय बिघडलं असतं? गप्प बसायचं होतं. घर राहिलं असतं, शाळा राहिली असती."

मास्तरांनी जरा विचार केला. "अहो, दुसऱ्या दिवशी वर्गावर जायचं होतं ना. पोरांना सांगायचं होतं की मी जे शिकवलं ते चुकीचं होतं, खोडा. अंगावर ती शाल घेऊन कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?"

लांबवर गाडीची शिट्टी ऐकू आली. वहिनी ट्रंकेवरून उठल्या, पदर खोचला आणि वळकटी उचलता उचलता म्हणाल्या, "आणि तिचा रंगही काही बरा नव्हता."